अधिकार राज्याचे, जबाबदारी कोणाची?

(ताडकळस येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संघराज्य हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे दिल्ली येते, मुंबई येते, मुख्यमंत्र्यांच्या परिषदा आणि वित्त आयोगाचे अहवाल येतात. ताडकळससारखे गाव येत नाही. पूर्णा तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या भावाची चर्चा होते; राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीची होत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, गोदावरीला आणि तिच्या उपनद्यांना पूर आला, उभी पिके पाण्याखाली गेली, मातीही वाहून गेली, तेव्हा गावोगावच्या चावडीवर जो प्रश्न विचारला गेला तो संघराज्याचाच प्रश्न होता. तो प्रश्न असा : विचारायचे कोणाला?

शेतकरी तलाठ्याकडे गेला तर तलाठी म्हणतो, पंचनामा केला, पुढचे तहसिलात. तहसील कार्यालय मंत्रालयाकडे बोट दाखविते. मंत्रालय म्हणते, केंद्राकडे प्रस्ताव गेला आहे. केंद्र म्हणते, आपत्ती निवारणाचा निधी राज्यांना आधीच दिलेला असतो, खर्च करणे राज्याचे काम आहे. अशा रीतीने प्रश्न दिल्लीपर्यंत चढतो आणि तेथून उत्तराविना पुन्हा बांधावर उतरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा होता. परंतु त्यातले राज्याच्या तिजोरीतले किती, केंद्राकडून आलेले किती, आधीच्याच योजनांची बेरीज किती, हे सामान्य शेतकऱ्याला उमजण्याचा मार्ग नव्हता. ज्याला हिशेब समजत नाही त्याला जाब विचारता येत नाही. म्हणून कोणाचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोणाची जबाबदारी कोठे संपते, हे कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे.

घटनेतील वाटणी

घटनेने सत्तेची वाटणी तीन सूचींत केली आहे. संरक्षण, परराष्ट्र संबंध, चलन, रेल्वे, आयात-निर्यात हे विषय केंद्राच्या सूचीत. शेती, जमीन, पाणी, बाजार, सार्वजनिक आरोग्य, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य हे राज्याच्या सूचीत. उरलेले काही विषय समवर्ती. म्हणजे त्यांवर दोघांनाही कायदा करता येतो, पण विरोध आल्यास सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

ही वाटणी ताडकळसच्या शिवारात उभे राहून वाचली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सातबारा राज्याचा. कुळाचा हक्क ज्या कायद्याने मिळाला तो १९५० चा हैदराबाद कूळ कायदा. आज तो राज्याच्या कारभाराचा भाग. कालव्याचे पाणी राज्याचे. ज्या बाजार समितीच्या आवारात मालाचे वजन होते ती राज्याच्या १९६३ च्या कायद्याखालची. प्राथमिक आरोग्य केंद्र राज्याचे, पोलीस ठाणे राज्याचे, ग्रामपंचायत राज्याच्या कायद्याने अस्तित्वात आलेली. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले तेही राज्याच्या कायद्याने. खेड्यातल्या माणसाच्या आयुष्याचा बराच मोठा भाग राज्याच्या सूचीत सामावलेला आहे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच आवारात विकल्या जाणाऱ्या कापसाचा भाव मात्र राज्याच्या हाती नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. मराठवाड्यातला नवा कापूस बाजारात येण्याचा हाच काळ. निर्णय दिल्लीत झाला. परिणाम ताडकळसच्या काट्यावर दिसणार. त्यावर राज्याच्या विधानसभेला कायदा करता येत नाही. म्हणजे शेतीची जबाबदारी राज्याची आणि शेतीच्या भावाची किल्ली केंद्राकडे, अशी ही रचना आहे. संघराज्यातील तणावाचे मूळ या विषम वाटणीत आहे. पैशाच्या बाबतीतही तोच प्रकार. अधिक उत्पन्न देणारे कर केंद्राकडे आणि अधिक खर्चाची कामे राज्यांकडे.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात या आक्षेपाचा विचार केला होता. राज्यांचे कायदे करण्याचे व कारभाराचे अधिकार केंद्राच्या मेहेरबानीतून आलेले नसून थेट घटनेतून आलेले आहेत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. तो ध्यानात ठेवला तर राज्य हे केंद्राचे दुय्यम कार्यालय नव्हे, हे स्पष्ट होते. पण त्यातूनच दुसरे अनुमानही निघते. अधिकार जर घटनेने दिला आहे, तर त्याचा वापर न केल्याचा दोषही राज्यालाच घ्यावा लागेल.

एका राज्याने घेतलेली जबाबदारी

राज्याने आपला अधिकार पूर्णपणे वापरला तर काय घडू शकते, याचे महाराष्ट्राइतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. ते उदाहरण रोजगार हमीचे.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या पिढीने अंगावर काढला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्या, नालाबांधावरची गर्दी, सुकडी आणि परदेशी मिलो यांच्या आठवणी त्या पिढीने सांगितल्या आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. ती कामे म्हणजे सरकारने केलेला उपकार, अशी तोवरची समजूत. दुष्काळ आला की कामे निघायची, पाऊस पडला की बंद व्हायची. मजुराला मागण्याचा हक्क नव्हता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या समजुतीला वेगळे वळण दिले. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील विसापूर परिसरात त्यांनी ग्रामीण रोजगाराचा प्रयोग करून पाहिला होता. त्या अनुभवातून १९७२ मध्ये रोजगार हमी योजना आली, आणि दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा जोमाने हाती घेण्यात आली. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंदलेला आहे. न्यायालयात तो मागता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात नमूद झाले. दिवसांची वरची मर्यादा नव्हती. काम मागण्यासाठी दुष्काळ पडण्याची वाट पाहायची गरज उरली नाही.

पैसा कोठून आणला, हा भाग संघराज्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. राज्य सरकार दिल्लीच्या अनुदानाची वाट पाहत बसले नाही. राज्य सूचीत व्यवसाय, व्यापार आणि नोकरी यांवर कर बसविण्याचा अधिकार आहे. तो वापरून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या आणि व्यावसायिकाच्या उत्पन्नातून लहानशी रक्कम घ्यायची, तिच्या जोडीला राज्याने तेवढीच भर घालायची आणि तो पैसा खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी राखून ठेवायचा, अशी ही व्यवस्था. त्या वेळी घटनेने या कराला माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये ती २,५०० रुपये झाली. एवढ्या अरुंद अधिकाराच्या बळावर राज्याने देशात पूर्वी कोणी न घेतलेली जबाबदारी घेतली. त्या कायद्याच्या मागे मोर्चे होते, घेराव होते, शेतमजुरांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या परिषदा होत्या, हेही विसरता कामा नये. अधिकार घटनेत होता. तो वापरायला लावला लोकांनी.

योजना निर्दोष होती असे मुळीच नाही. हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, अर्धवट पाझर तलाव तसेच राहिले. पुढारी आणि ठेकेदार यांनी त्यात आपला वाटा शोधला. १९८८ मध्ये मजुरीचा दर दुप्पट झाला, आणि त्यानंतर काम मागूनही न मिळण्याचे प्रकार वाढले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. हमी द्यायची आणि खर्च वाढू लागला की कामेच आटवायची, ही शासनाची जुनी रीत. तरीसुद्धा कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, आणि ‘काम द्या’ या विनवणीचे ‘काम का दिले नाही’ या प्रश्नात रूपांतर झाले. लोकशाहीत हा फरक लहान नाही.

पुढे २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि १ एप्रिल २००८ पासून तो देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. एका राज्याने केलेला प्रयोग संपूर्ण देशाचा कायदा बनला. संघराज्याचा खरा लाभ हाच. सर्व राज्यांना दिल्लीच्याच साच्यातून काढले असते तर १९७२ चा प्रयोग झालाच नसता.

दिल्लीकडे सरकलेली सत्ता

पण त्या कहाणीचा उत्तरार्ध सावध करणारा आहे. केंद्राच्या कायद्याने अकुशल मजुरीचा सर्व भार केंद्रावर घेतला, त्याबरोबर हमी शंभर दिवसांची झाली. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःच्या तिजोरीवर ठेवला, परंतु राज्यकर्त्यांचे लक्ष हळूहळू ‘दिल्लीहून निधी आला का’ याकडे वळले. हमी देणारे राज्य निधीची वाट पाहणारे राज्य बनू लागले. मार्च २०२२ मध्ये केंद्राने गैरव्यवहाराच्या कारणावरून पश्चिम बंगालचा या योजनेचा निधी थांबविला. गैरव्यवहार करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती; पण काम बंद झाले ते मजुराचे. तीन वर्षांनंतर, २०२५ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाला योजना पुन्हा सुरू करण्याचा आदेश द्यावा लागला. ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली, त्याच्या हाती हक्काचे कुलूप, हा धडा यातून मिळाला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १२५ झाले. परंतु बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के अशी ठरली. प्रत्येक राज्याला किती रक्कम द्यायची हे केंद्र ठरविणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. म्हणजे मर्यादा दिल्ली आखणार आणि मर्यादेबाहेर राहिलेल्या मजुराला तोंड देणार मुंबई. अधिकार वर आणि जबाबदारी खाली, असे याचे वर्णन करावे लागेल.

सत्ता वर सरकण्याची ही एकच घटना नाही. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, शिक्षण आणि वने हे विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत नेण्यात आले. २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विक्रीकराचा मोठा अधिकार राज्यांनी सोडला. त्या कराच्या परिषदेत एकतृतीयांश मतभार केंद्राकडे आहे आणि ठरावाला तीनचतुर्थांश मते लागतात. म्हणजे केंद्राच्या संमतीशिवाय तेथे पान हलत नाही. केंद्र जे उपकर आणि अधिभार बसविते त्यांत राज्यांना वाटा नसतो. २०२० मध्ये शेतीमालाच्या व्यापाराचे कायदे केंद्राने समवर्ती सूचीतील एका नोंदीच्या आधारे केले. बाजार हा राज्याचा विषय असूनही राज्यांना विश्वासात घेतले गेले नाही. शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर ठाण मांडल्यावर २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. त्या लढ्याची चर्चा हमीभावापुरती होऊ नये. तो संघराज्याचाही लढा होता.

येथे एक कडवट आठवण टाळता येणार नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने महाराष्ट्रासह नऊ राज्यांची सरकारे बरखास्त केली, याची नोंद नेहमी घेतली जाते. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारनेही नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे बरखास्त केली होती, आणि त्या सरकारात समाजवादी होते. केंद्रात विरोधक असताना राज्यांच्या स्वायत्ततेचा उद्घोष करायचा आणि केंद्रात सत्ता आली की तेच हत्यार उपसायचे, हे कोणत्याच पक्षाला शोभत नाही. १९९४ मध्ये बोम्मई खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या हत्याराला लगाम घातला. तो लगाम राजकीय पक्षांनी स्वतःहून घालायला हवा होता.

मुंबईचा ताडकळसशी व्यवहार

केंद्राविरुद्धची तक्रार रास्त आहे. पण ती मांडताना राज्याने एक आरसा समोर धरावा. दिल्ली जशी मुंबईशी वागते, तशीच मुंबई मराठवाड्याशी वागली नाही काय?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. ज्या राजवटीत प्रजेला मत नव्हते तेथून लोक लोकशाही संघराज्यात आले. १९५६ मध्ये भाषेच्या आधारावर हैदराबाद राज्याची विभागणी झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचा भाग झाला. त्यापूर्वी, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, विकासाचा पैसा, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातील जागा यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचे अभिवचन होते. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. राज्यांतर्गत न्यायाचा प्रश्न घटनेने स्वतः मान्य केला, असा त्याचा अर्थ.

अभिवचन कागदावर राहिले. म्हणून १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटींचा होता. वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात यायला १९९४ उजाडले. म्हणजे तरतूद झाल्यापासून अडतीस वर्षे. त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेष संपला म्हणून मंडळांची मुदत संपली, असे कोणी म्हणणार नाही.

पाण्याचे उदाहरण घ्या. गोदावरीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद झाला तेव्हा लवाद नेमला गेला आणि १९८० मध्ये निवाडा झाला. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्र प्रदेशाने दावा केला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ ला निर्णय देऊन बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडे आणि केव्हा बंद ठेवायचे तेही ठरवून दिले. दोन राज्यांत वाद असला की महाराष्ट्र हक्काची भाषा बोलतो. पण तीच गोदावरी नाशिक-नगरकडून पैठणच्या जायकवाडीत येते, जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्याकडे वाहतो, आणि वरच्या धरणांतून खालच्या धरणात समन्यायी पाणी सोडायचे म्हटले की राज्य सरकार कचरते. २००५ मध्ये राज्याने स्वतःच जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला. त्यात तुटीच्या वर्षी समान वाटपाचे तत्त्व आहे. ते अंमलात आणण्यासाठी लोकांना न्यायालयात जावे लागले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. येथे केंद्र आडवे आले नव्हते. पाणी राज्य सूचीतले, कायदा राज्याचा, धरणे राज्याची. आडवी आली ती राज्याचीच अनिच्छा.

स्थानिक स्वराज्याचेही तसेच. महाराष्ट्राने १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन केल्या तेव्हा देशाने त्यांचे कौतुक केले. १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आणि २९ विषयांची अनुसूची जोडली गेली. पण त्यांतले किती विषय पैशासह आणि नोकरवर्गासह खाली द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर राहिले. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकांचा कारभार चालला. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता हे खरे. तरी शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्यास सांगावे लागले. राज्यात काही आठवडे राष्ट्रपती राजवट आली तर लोकशाहीच्या हत्येची हाकाटी होते. जिल्ह्यावर काही वर्षे प्रशासक बसला तर कोणाच्या भुवईला आठीही पडत नाही.

डॉ. लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली : गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र. चार खांबांपैकी दोनच उंच केले तर छप्पर तिरपे होते आणि पाणी एकाच बाजूला साचते. अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये जिल्हा हा विकेंद्रीकरणाचा मुख्य स्तर मानण्याची शिफारस केली, तीही याच विचाराला जवळची. संघराज्याचे तत्त्व मुंबईला येऊन थांबत नाही. ते ताडकळसपर्यंत यायला हवे.

एक आक्षेप

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो. राज्यांना अधिक अधिकार दिले तर श्रीमंत राज्ये अधिक श्रीमंत होतील आणि बिहार, ओडिशा यांसारखी राज्ये मागे पडतील. म्हणून केंद्र बळकट हवे. आक्षेप खोटा नाही. मुंबईत जमा होणारा कर हा मुंबईच्याच मालकीचा, असे म्हणणारा महाराष्ट्राचा अभिमानी मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दलही उद्या तोच न्याय लावील. गरीब प्रदेशाला अधिक वाटा मिळणे हे समाजवादी दृष्टीने अपरिहार्य आहे. बिहारच्या बाबतीत ते मान्य करायचे नाही आणि परभणीच्या बाबतीत मागायचे, हे चालणार नाही. पण समतोल साधण्याचे काम वित्त आयोगासारख्या नियमबद्ध यंत्रणेने करावे. दिल्लीतील सत्ताधाऱ्यांनी मर्जीतल्या राज्याला द्यावे आणि नावडत्याचे थांबवावे, याला समतोल म्हणता येत नाही. बळकट केंद्र आणि लहरी केंद्र यांतला फरक ओळखला पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

यातून कार्यकर्त्यापुढे येणारे काम साधे आहे, पण चिकाटीचे आहे. पहिले, प्रत्येक प्रश्न योग्य दारात नेणे. कापसाच्या आयातीचा जाब खासदाराला विचारावा, कालव्याच्या पाळीचा आमदाराला, पंचनाम्याच्या यादीचा तहसिलदाराला. अतिवृष्टीच्या मदतीत केंद्राचे किती आणि राज्याचे किती, याचा हिशेब ग्रामसभेत लेखी मागावा. दुसरे, काम मागणाऱ्या मजुराने अर्ज द्यावा आणि त्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. रोजगार हमीचा पन्नास वर्षांचा इतिहास सांगतो की पोच नसलेली मागणी सरकारदरबारी झालेलीच नसते. तिसरे, केंद्राने निधी अडविला तरी राज्याने स्वतःच्या कायद्याने आणि स्वतःच्या कराने हमी पाळली पाहिजे, ही मागणी लावून धरणे. १९७५ मध्ये जो व्यवसाय कर मजुराच्या नावाने बसविला गेला, तो मजुराच्या कामावर खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मजुराला आहे. चौथे, विकास मंडळे, समन्यायी पाणी आणि जिल्हा परिषदेचे अधिकार हे प्रश्न केवळ मराठवाड्याच्या अस्मितेचे म्हणून न मांडता राज्याच्या घटनात्मक कर्तव्याचे म्हणून मांडणे.

राज्यांनी दिल्लीशी अधिकारासाठी झगडावे. त्या झगड्यात समाजवादी कार्यकर्त्याने राज्याच्या बाजूने उभे राहावे. मात्र त्याच वेळी त्याने राज्याला विचारावे, की जे आधीच तुमच्या हाती आहे त्याचे काय केले? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. दिल्लीने काही देण्यापूर्वी, हाती होता तेवढ्याच अधिकारावर. पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. त्या एका वाक्यात राज्याचा अधिकार होता आणि राज्याची जबाबदारीही होती. पुढच्या पुरात किंवा पुढच्या अवर्षणात ताडकळसचा शेतकरी आणि शेतमजूर ‘विचारायचे कोणाला’ असे न म्हणता नेमक्या दारावर जाऊन उभा राहिला, तर संघराज्य या गावापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.